साहेबांनी मान डोलावली

चूक वडिलांची होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना माझ्याकडे संशयानं बघायचे तुमचे कष्ट वाचतील. मोठ्यांबद्दल असं बोलू नये, हे मला लहानपणापासून ऐकवलं गेलंय. ऐकवणारे सगळे मोठेच होते, हा काही योगायोग नव्हे.

आमच्या घरात कुठल्याही वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. सोफा प्लास्टिकमध्ये आहे. उन्हाळ्यात त्यावरून उठताना मांडीची साल त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवावी लागते. रिमोट प्लास्टिकमध्ये आहे. त्यावरचे आकडे केव्हाच धुक्यात गेले, त्यामुळे बातम्या लावायला जावं तर कुस्ती लागते (आणि फरक कळायला वेळ लागतो). फ्रिजच्या दारावर कारखान्यातून दुकानात नेईपर्यंत ओरखडा पडू नये म्हणून जी निळी फिल्म लावतात, ती आमच्याकडे अकरावं वर्ष नोकरी करतेय. वडील पाणीपुरवठा खात्यात भांडारपाल होते. भांडारातली वस्तू वापरायची नसते, शाबूत दाखवायची असते. ही शिकवण घेऊन ते निवृत्त झाले आणि त्यांनी घराचं भांडार केलं. त्या भांडारातली वेष्टन फाटलेली एकमेव वस्तू म्हणजे मी.

वेष्टन फाटलं म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला मी कॉलेज सोडलं. आमचे सर स्वतः विद्यार्थी असतानाची वही वर्गात वाचून दाखवायचे. एकदा मी उभा राहून विचारलं, "सर, हा पार्ट आता जगात कुठे मिळतो?" सर म्हणाले, "परीक्षेत." मी दप्तर उचललं आणि चालू पडलो. मागून कुणीतरी हाक मारेल असं वाटलं होतं. कुणी मारली नाही. सरांनी पुढचं पान उलटल्याचा आवाज तेवढा आला.

तेव्हापासून माझं काय करायचं यावर घरात दोन मतं होती. काकांचा, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाचा, चार तासांवरच्या गावात पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना आहे. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "दादा, दे त्याला माझ्याकडे. खोकी मोजेल. कारखान्यावरच खोली आहे, पळून जाईल कुठे?" दुसरं मत माझं. चौकातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्यानं मला त्याच्या दुकानातलं खिडकीजवळचं टेबल देऊ केलं होतं. सोल्डरिंग आयर्न त्याचं, भिंग त्याचं, दिवा त्याचा. हात फक्त माझे. मला ते टेबल हवं होतं. इतक्या स्वच्छपणे मला आयुष्यात दुसरं काही हवंसं वाटलेलं नाही. पण वडिलांच्या मते 'मुलगा दुरुस्तीला बसतो' हे चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. 'मुलगा कारखान्यात असतो' हे होतं. खोकी मोजतो, हे सांगायची सक्ती नव्हती.

आता स्टिरिओ. घरात वडील खरोखर वापरतात अशी ती एकच वस्तू. उचलताना कंबर लचकेल असा अँप्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि कमरेएवढे दोन स्पीकर (त्यांना आईच्या जुन्या पडद्यांची झबली आहेत, वाजवताना तेवढी काढतात, कारण त्याबाबतीत साहेबांचा हुकूम आहे). दर रविवारी सकाळी दहाला आमच्याकडे बैठक भरते. बैठकीचे नियम वडिलांनी केलेत: रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही, डोळे मिटायचे, आणि शेवटी साहेब काय म्हणतात ते ऐकायचं.

साहेब म्हणजे वडिलांच्या खात्याचे निवृत्त मुख्य इंजिनिअर. त्यांना सगळं खातं पाठीमागे 'कान' म्हणायचं. पंपहाऊसच्या बाहेर उभं राहून आतल्या कुठल्या पंपाचं बेअरिंग जातंय ते सांगायचे, अशी ख्याती. बैठकीचे दुसरे सभासद म्हणजे खात्यातले हेडक्लार्क. यांचं नाव मी 'अनुमोदन' ठेवलंय. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुठलाही ठराव मांडला नाही आणि कुठल्याही ठरावाला अनुमोदन द्यायचं सोडलं नाही.

तर त्या रेकॉर्ड प्लेअरची सुई झिजली. नवी कुठे मिळेना. वडिलांनी ठरवलं, आता डिजिटल व्हायचं. एवढीशी सुई, पण तिनं आमच्या सगळ्या घराला टोचलं.

वडील एकटेच दुकानात गेले (मला न्यायचं म्हणजे मला कळतं हे मान्य करणं आलं) आणि तीन वस्तू घेऊन आले. एक डबा, जो इंटरनेटवरून गाणी ओढतो. एक छोटी डबी, जी त्या डिजिटल गाण्याचं आपल्या जुन्या अँप्लिफायरला समजेल असं भाषांतर करते. आणि डबा व डबी जोडायला एक पातळ काळी वायर.

"या वायरमधून वीज जात नाही," वडील आईला सांगत होते. "उजेड जातो. उजेड!"

"बिल कमी येईल का?" आईनं विचारलं.

सगळी जोडणी त्यांनी स्वतः केली. वायरींना चिकटपट्टीनं चिठ्ठ्या लावल्या, क्रमांक दिले, मग खुर्चीत बसून बटण दाबलं. डब्याच्या काचेवर गाण्याचं नाव आलं, सेकंद पळायला लागले. आवाज मात्र आला नाही. वडील तसेच बसून राहिले. मी दारात उभा राहून बघत होतो.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही."

"आवाज येत नाहीये."

"येईल. नवीन आहे."

"नवीन आहे म्हणून लाजतोय का?"

"तू मध्ये पडू नकोस. अर्धवट शिकलेल्यानं अशा वस्तूंना हात लावू नये."

"तुम्ही तर अजिबात शिकला नव्हता, तरी लावलात."

"तुम्ही दोघं फक्त एकमेकांना हात लावू नका," आई आतून म्हणाली, "बाकी काय लावायचं ते लावा."

वडिलांनी चष्मा काढून पुसला. ते संतापले की चष्मा पुसतात, म्हणजे मी त्यांना दिसत नाही. मग म्हणाले, "ठीक आहे. आज गुरुवार. रविवारी साहेब यायच्या आत हे वाजवून दाखव. साहेबांनी मान डोलावली, तर जा, बस त्या दुरुस्तीच्या टेबलावर, मी एक शब्द बोलणार नाही. नाही डोलावली, तर काका रविवारी येतोच आहे. त्याच्या गाडीत बसायचं."

"लिहून द्या."

वडिलांनी खरंच लिहून दिलं. तारीख घातली, खाली सही केली, सहीखाली 'भांडारपाल (निवृत्त)' असंही लिहिलं.

मला वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम आहे. (मला हे आयुष्यात बऱ्याच गोष्टींबद्दल वाटलेलं आहे.) अँप्लिफायरमागची वायर काढून टोकाला बोट लावलं, स्पीकरमधून भुर्र झालं. म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकर ठणठणीत. दुरुस्तीवाल्याकडून दुसरी डबी उसनी आणून लावली, शांतता. डबा फोनला जोडला, फोनवर गाणं व्यवस्थित वाजलं. म्हणजे डबाही ठणठणीत. डबा चांगला, डबी चांगली, अँप्लिफायर चांगला. मग राहिलं काय? वायर. वायर काढली, तिची दोन्ही टोकं बघितली, फुंकर मारली, शर्टाला पुसली आणि परत लावली. जरा घट्ट जात होती, मी जोर लावला. एवढं करून मी निष्कर्ष काढला की सॉफ्टवेअर अपडेट करायला हवं.

शुक्रवारी अपडेट केलं. शनिवारी परत केलं. आवाजाचं गोल बटण वडिलांनी लाल नेलपॉलिशनं केलेल्या खुणेच्या पुढे कधीही नेलं जात नाही. मी ते खुणेच्या बरंच पुढे फिरवून ठेवलं आणि डावा कान स्पीकरला चिकटवून बसू लागलो. अगदी बारीक खरखर जरी आली असती तरी मी तिला मिठी मारली असती. आली नाही. शनिवारी संध्याकाळी आईनं कपाटावरची बॅग काढून माझ्या खाटेवर ठेवली. बॅग प्लास्टिकमध्ये होती.

रविवारी नऊला काका आले. गाडी दाराशी लावून, किल्ली बोटात फिरवत.

"काय इंजिनिअर, तयारी झाली?"

"अजून दहा वाजायचे आहेत."

"खोकी दहाची वाट बघत नाहीत."

"खोकी कसलीच वाट बघत नाहीत, काका. म्हणून तर ती खोकी."

दहाला साहेब आले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, मागे अनुमोदन. साहेब आपल्या ठरलेल्या खुर्चीत बसले, डब्याकडे बघून "हं" म्हणाले. वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. खांदे उडवणं म्हणजे 'तयार आहे' असा वडिलांनी अर्थ घेतला, आणि साहेबांची आवडती रेकॉर्ड, एक मोठा वाद्यवृंद, शोधून बटण दाबलं.

सेकंद पळू लागले. साहेबांनी डोळे मिटले. अनुमोदन यांनी मिटले. वडिलांनी मिटले.

खोलीत शांतता. पलीकडच्या इमारतीत कुणीतरी बादली सरकवली, तेवढं ऐकू आलं. संपलं, असं मी मनाशी म्हटलं. आता साहेब डोळे उघडतील आणि मी गाडीत बसेन.

साहेबांचं बोट गुडघ्यावर ताल धरायला लागलं.

"उजवीकडची व्हायोलिनं काय सुटी सुटी आलीत," ते डोळे न उघडता म्हणाले. (बोलायचं नाही हा नियम इतरांसाठी.)

"अगदी, अगदी," अनुमोदन.

"बासचा खर्ज जरा जास्त वाटतोय. पण असू द्या."

"असू द्या, असू द्या."

काकांनी माझ्याकडे बघितलं, स्पीकरकडे बघितलं, मग वडिलांकडे वाकले. "दादा, सुरू झालंय का?"

"श्श!"

"नाही, मला काहीच..."

"डोळे मीट."

"डोळे मिटून कसं ऐकू येईल?"

आणि तेव्हा साहेबांनी मान डोलावली. सावकाश, दोनदा, अगदी समाधानानं.

मी जिंकलो होतो. वडिलांच्या सहीचा कागद माझ्या खिशात होता, आणि त्यात कुठेही 'आवाज यावा' असं लिहिलेलं नव्हतं. मी वडिलांकडे बघितलं. त्यांनी डोळे उघडले होते. ते साहेबांकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. पंपहाऊसच्या बाहेर उभं राहून बेअरिंग ओळखणारा माणूस त्यांच्यासमोर बसला होता, आणि त्याला शांतता ऐकू येत नव्हती. अनुमोदन यांनी एक डोळा उघडला, वडिलांचा चेहरा पाहिला आणि घाईघाईनं परत मिटला. म्हणजे त्यांनाही कळलं होतं. मग वडिलांनीही डोळे मिटून घेतले आणि साहेबांच्या बोटाकडून चोरलेला ताल आपल्या गुडघ्यावर धरला.

आयुष्यात पहिल्यांदा माझं आणि वडिलांचं एकमत झालं, तेही खोटं बोलण्यावर.

मी तोंडाचा फटकळ आहे. सरांना बोललो, काकांना बोललो, वडिलांना तर रोजच बोलतो. पण साहेबांकडे बघून 'अहो, हे वाजतच नाहीये' असं म्हणायला माझी जीभ उठेना. त्यांनी दाढी करताना गळ्याजवळ पांढऱ्या केसांचा एक ठिपका सोडला होता. ते हसत होते. आणि असल्या फुकटच्या मान डोलावण्यावर मिळालेल्या टेबलावर बसायची मला लाज वाटायला लागली. ही लाज कुठून आली कुणास ठाऊक. माझ्याकडे तिचा साठा नव्हता.

काचेवर लिहिलं होतं: रेकॉर्ड सहा मिनिटांची, झाली होती तीन. तेवढ्यात हे खरोखर वाजलं पाहिजे. मी रांगत स्टिरिओच्या मागे गेलो आणि ती उजेडाची वायर दोन्हीकडून उपटून काढली.

आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. सगळे डोळे मिटून बसलेले बघून तिनं आवाज खाली आणला. "सुरू कधी करणार आहात?"

"सुरू आहे, वहिनी," काका दात खाऊन म्हणाले. "बास जास्त आहे, म्हणून ऐकू येत नाही."

आई ट्रे ठेवून माझ्यामागे आली. मी वायर धरून बसलो होतो. तिनं ती हातात घेतली, चष्मा वर सरकवून टोक बघितलं, आणि कुजबुजली, "या टोप्या का ठेवल्यात याला?"

"कुठल्या टोप्या? तो प्लगच आहे."

"प्लग कसला? प्लास्टिकची टोपी आहे ही. पेनाला असते तशी."

तिनं नखानं टोक खेचलं. टिक्. पारदर्शक, तांदळाच्या दाण्याएवढी टोपी तिच्या तळहातावर आली. दुसऱ्या टोकाची काढली. टिक्. उजेड जायच्या वायरीला दोन्हीकडून झाकणं (म्हणून टोक आत पुरतं बसत नव्हतं), आणि वडिलांनी ती, अर्थातच, काढली नव्हती. ओरखडा पडू नये ना! आणि मी? तीन दिवस ती टोकं डोळ्यांजवळ धरून बघत होतो. पण बावीस वर्षं या घरात वाढलेल्या माणसाला वस्तू कुठे संपते आणि प्लास्टिक कुठे सुरू होतं, हे दिसतच नाही.

"घे, एक टोक तू लाव," आई म्हणाली. "हे मी लावते."

मी माझं टोक डबीत घातलं. लोण्यात सुरी जावी तसं गेलं. मग, तीन दिवसांच्या सवयीनं, डावा कान स्पीकरला चिकटवला, आवाज आलाच तर कळावा म्हणून.

खुर्चीत साहेबांनी बोट वर केलं. "आता बघा हं," ते म्हणाले. "आता ट्रम्पेटं उठतील."

आईनं वायर खोचली.

ट्रम्पेटं उठली. मी बटण कुठवर फिरवून ठेवलंय हे मला तेव्हा आठवलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. काकांचा चहा त्यांच्या पँटवर गेला. अनुमोदन खुर्चीसकट मागे सरकले. मी स्पीकरपासून उडून भिंतीला टेकलो आणि माझ्या डाव्या कानात एक लांब, बारीक शिट्टी सुरू झाली. वडील बटणाकडे धावले आणि आवाज बंद केला.

साहेब ताठ बसले होते. एक हात छातीवर. बोट अजून वरच.

"साहेब!" वडील ओरडले. "पाणी आणा! साहेब, काय होतंय?"

"बंद का केलं?" साहेब म्हणाले.

"अं?"

"आत्ता ऐकू आलं," साहेब म्हणाले, आणि त्यांनी वर केलेलं बोट सावकाश खाली आणलं. "तीन वर्षांनी आलं."

साहेब बोलू लागले, फरशीकडे बघत. तीन वर्षांपासून कमी होत होतं. आता सगळं भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटायचं. रेकॉर्डी पाठ होत्या, सुई टेकलेली दिसली (आज काचेवर सेकंद पळालेले दिसले) की डोळे मिटून ते मनातल्या मनात वाजवायचे. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. 'कान' म्हणतात हे त्यांना माहीत होतं.

"पण साहेब," वडिलांना राहवलं नाही, "तुम्ही बास जास्त आहे म्हणालात!"

"तुमच्याकडे तो नेहमीच जास्त असतो."

"अगदी, अगदी," अनुमोदन म्हणाले, आणि मग हळूच, "मला वाटलं, माझेच गेले." मग साहेब हसले. मग वडील हसले, डोळे पुसत, चष्मा न काढताच. तीन वर्षं त्या खोलीत कुणीतरी श्वास धरून बसलं होतं आणि तो आत्ता सोडला, असं काहीतरी झालं.

मी खिशातला कागद काढला. "बाबा. मान डोलावली होती त्यांनी."

वडिलांनी साहेबांच्या कानाजवळ जाऊन मोठ्यानं सगळी अट सांगितली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"ती मान धरू नका," ते म्हणाले.

काकांनी गाडीची किल्ली उचलली.

"परत लावा. तेवढ्याच आवाजात."

वडिलांनी परत लावलं. साहेबांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. सहाच्या सहा मिनिटं ते त्या दोन स्पीकरांकडे टक लावून बघत राहिले. मध्ये शेजारच्यांनी दोनदा बेल वाजवली. आईनं दार उघडून "आमच्याकडे पाहुणे आहेत" एवढंच सांगितलं. रेकॉर्ड संपली. साहेबांनी मान डोलावली. एकदाच.

"ही धरा," ते म्हणाले.

काकांनी किल्ली खिशात टाकली. "दादा, तसाही मी याला नेत नाही. माझ्या कारखान्याला पत्र्याचं छप्पर आहे." आणि ते ओली पँट झटकत उठले.

वडील मला काही बोलले नाहीत. एक शब्द बोलणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं होतं, आणि लिहून दिलेलं ते पाळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. उन्हात भिंगाची कड चमकत होती. गिऱ्हाईक काहीतरी सांगत होतं, ते मी त्याला परत सांगायला लावलं.

बुधवारी साहेब कानांच्या डॉक्टरकडे गेले, सोबतीला मी. त्यांना यंत्र मिळालं. त्यांचं झाल्यावर डॉक्टरांनी माझेही कान तपासले. डाव्या कानानं मला तीस टक्के कमी ऐकू येतं, आणि ते परत येणार नाही.